वय वर्षं चौपन्न

अग्निशमन दलात गाडीवर राहायचं, तर दर वर्षी सहा मिनिटं सायकल मारावी लागते. सायकल जागेवरची, भार ठरलेला, छातीला पट्टा. शेवटच्या दोन मिनिटांतले हृदयाचे ठोके आणि माणसाचं वय यांवरून संगणक दमसासाचा आकडा काढतो. प्रत्येक वयोगटाला किमान आकडा ठरलेला आहे. त्याखाली गेलात, की गाडीवरून थेट भांडारात.

"उस्ताद, सायकल जागेवरच आहे, पोचायची घाई करू नका!" पथकातला एकजण दारातून ओरडला. बाकीचे हसले. चाचणी घेणाऱ्या बाईने दार लावून घेतलं.

ती उस्तादांची सख्खी धाकटी बहीण होती. आडनाव सासरचं, त्यामुळे इथे कोणाला पत्ता नव्हता.

"वय?" तिने विचारलं.

"तुला माहीत नाही?"

"मला माहीत आहे ते लिहू?"

"चौपन्न लिही."

खरं वय अठ्ठावन्न. शाळेत घालताना अप्पांनी मुलाची जन्मतारीख चार वर्षं पुढे ढकलली होती, पुढे नोकरी तेवढी जास्त मिळेल म्हणून. मुलीची तारीख खरी लावली. ती नोकरी करेल हे त्यांच्या गावीही नव्हतं. ती छप्पन्न वर्षांची. कागदोपत्री दादापेक्षा दोन वर्षांनी थोरली. अठ्ठावन्नला घरी बसायचं हा नियम मात्र दोघांना सारखाच.

त्याने पायडल मारायला सुरुवात केली. तिसऱ्या मिनिटाला कानशिलावरून घाम ओघळला.

"तुझ्या वहिनीने..."

"बोलू नकोस, दादा. ठोके वाढतात."

सहा मिनिटं संपली. पडद्यावर आकडा आला एकोणतीस. पन्नास ते चौपन्न या गटाला एकतीस लागतात.

"आणि खरं वय घातलं तर?" त्याने धापा टाकत विचारलं.

तिने मनात हिशेब केला. "अठ्ठावीस होतात. पंचावन्नच्या पुढे सत्तावीस चालतात."

"म्हणजे मी पास!"

"पास. आणि तीन महिन्यांपूर्वीच निवृत्त."

तो सायकलवरून उतरला नाही. "भार जरा कमी करून परत घे. इथे कोण बघतंय?"

"धुरात तुझ्या भरवशावर जिना चढणारा बघेल."

"एकतीस वर्षं गाडीवर काढली मी. आता चार वर्षं भांडारात बादल्या मोजू?"

"मोज. मला तर ती चार वर्षंही नाहीत."

"हा राग अप्पांवरचा आहे. माझ्यावर कशाला काढतेस?"

"अप्पा भिंतीवर फोटोत आहेत. त्या वर्षांचा पगार तू घेणार आहेस."

छपाईयंत्रातून कागद बाहेर आला. वय चौपन्न, आकडा एकोणतीस, शेरा अपात्र. त्यातलं एकच खोटं होतं आणि ते तिने रचलेलं नव्हतं. त्याने दोनदा वाचून सही केली. पेन टेबलावर टाकलं.

"खरं सांग. बरं वाटतंय ना तुला?"

ती छातीचा पट्टा पुसत होती. तिने मान वर केली नाही.

"भार बरोबर होता, दादा. ठोके तुझेच होते."

"मी ते विचारलं नाही."

"हो," ती म्हणाली. "थोडं वाटतंय."