गरुडाच्या जागी कासव

घरसामान हलवणाऱ्या सहा जणांनी मालकाची नोकरी सोडून स्वतःची संस्था काढली. ट्रक आला, टी-शर्ट आले, राहिला फक्त लोगो.

"गरुड काढ," मामाने चित्रकार भाचीला फर्मावलं. मामा संस्थेचा अध्यक्ष, कारण बोलण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

"गरुडच का?"

"अगं, त्याने स्वर्गातून अमृत पळवून आणलं! आपणही लोकांचं सामान..."

"पळवता?"

मामाने डोळे वटारले. पण काम बघितल्याशिवाय रेघ ओढणार नाही, असं सांगून भाची दुसऱ्या दिवशी त्यांच्याबरोबर गेलीच.

तिसऱ्या मजल्यावरून पियानो उतरवायचा होता. जिन्याच्या वळणावर तो अडकला. वर पट्टे धरलेले चौघे भांडू लागले. "डावीकडे!" "तुझं डावं की माझं?" मधोमध मामा हात नाचवत होता. तरी पियानो तसूभर घसरला नाही. भाचीने कठड्यावरून वाकून पाहिलं. खाली, पियानोला पाठ लावून, मौनीबाबा उभा होता. दिवसाला चार शब्द बोलणारा म्हणून त्याला हे नाव पडलेलं. नाकाच्या शेंड्यावरून घाम टपकत होता.

"काका, दमलात?"

"तुझ्या मामाचं भाषण संपू दे," तो पुटपुटला. "मी आहे."

संध्याकाळी तिने सगळ्यांपुढे कागद ठेवला. एक कासव, पाठीवर डोंगर.

मामा उसळलाच. "कासव? लोक म्हणतील, सामान पुढच्या जन्मी पोचणार!"

"मामा, समुद्रमंथनात दोर कोणी ओढला?"

"देव-दानवांनी."

"आरडाओरडा?"

"त्यांनीच."

"आणि डोंगर बुडायला लागला, तेव्हा खाली कोण गेलं?"

सगळ्यांच्या माना कोपऱ्याकडे वळल्या. मौनीबाबा बुटाची नाडी बांधण्यात गढून गेला होता, कान मात्र लालबुंद.

"पण गरुड उडतो," मामाने शेवटचा प्रयत्न केला.

"पियानो उडालेला चालेल का?" ड्रायव्हरने विचारलं.

हात वर झाले. मामाचा सगळ्यात शेवटी, आढेवेढे घेत. मौनीबाबा "मला काय कळतंय" म्हणाला, पण छापलेले टी-शर्ट आल्यावर त्याने गुपचूप दोन उचलले.

पहिल्याच आठवड्यात सिग्नलला ट्रकवरचं कासव बघून मागचा स्कूटरवाला ओरडला, "ओ कासव, हला की!"

मामाने खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि समुद्रमंथन पहिल्यापासून सांगायला घेतलं. हिरवा झालेला सिग्नल पुन्हा लाल झाला.