तांदळाच्या डब्यातली एल पाटी

मी एल पाटी बोलतेय. अंगाने पिवळी, मधोमध काळा एल. शिकाऊ माणसाच्या गाडीला मागच्या काचेवर मी असते, पुढच्या काचेवर माझी जुळी बहीण. ती अबोल आहे, तेव्हा आमची हकीकत मीच सांगते.

हॅमिल्टन शहरातल्या रोटोटुना भागात आम्हाला लताबाईंनी विकत आणलं. वय त्रेसष्ट. लर्नरची परीक्षा त्यांनी घरात कुणाला न सांगता दिली, आणि पास झाल्या त्या रात्री जेवताना मला ताटाशेजारी ठेवलं.

"उद्यापासून मी गाडी शिकणार. शेजारी तू बसायचं," त्या सुनेला म्हणाल्या.

सून निवेदिता मूळची कटकची, पुण्यात वाढलेली. जुन्या ओडिया कादंबऱ्यांतलं मुलींचं शिक्षण आणि त्याला झालेला विरोध, यावर ती इथल्या विद्यापीठात पीएचडी करते. रोज संध्याकाळी सासूला त्यातली चार पानं मराठीत सांगते. सध्याच्या कादंबरीत एक आत्या आहे. 'शिकून कुठे जायचंय पोरीला,' असं तिचं पालुपद, आणि दोघी मिळून तिला मनसोक्त नावं ठेवतात. म्हणजे ही सून मला डोक्यावर घेऊन नाचणार, असं मला वाटलं. कसलं काय!

"या वयात कशाला, आई? ट्रॅफिक हेवी असतं इथे. कुठे जायचंय ते सांगा, मी सोडते ना."

"तेच तर. दर वेळी सांगावं लागतं. पूलवर पोहताना घालायला उन्हाळ्यात टॉग्ज घेतले. तू फ्री होईपर्यंत थंडी पडली."

"तुम्ही दोघी ठरवा," म्हणत चंद्रहास, म्हणजे मुलगा, उठला आणि डिशवॉशर लावायला पळाला.

दुसऱ्या दिवशी लताबाई अंघोळीला गेल्या, तशी निवेदिताने आम्हा दोघींना उचललं आणि तांदळाच्या डब्यात खुपसलं. ही जागा तिला कुठून सुचली, ते मला नंतर कळलं. लताबाईंनी कपाटं पाहिली, सोफ्याच्या उशा उचलल्या, पण कुणाला विचारलं नाही. मला फार वाईट वाटलं. त्या रात्री भात लावताना त्यांचा हात माझ्यावर आला, थबकला, आणि वाटीभर तांदूळ घेऊन निघून गेला. बाईंनी हाय खाल्ली, असं मी समजले.

मग वाचनाची वेळ झाली.

"आत्या पोरीचं पुस्तक उचलते," निवेदिता सांगत होती, "आणि तांदळाच्या..." ती थांबली.

"तांदळाच्या काय?"

"मडक्यात लपवते."

"मेली दुष्ट बाई."

"दुष्ट नाही हो, आई. घाबरलेली असते." निवेदिताने पुस्तक मिटलं. ती उठली, डबा उघडला आणि तांदूळ झटकत मला बाहेर काढलं.

"मघाशी हाताला लागली होती," लताबाई शांतपणे म्हणाल्या. "म्हटलं, बघू कधी काढतेस."

त्यानंतरचे सहा महिने काय सांगू! हॅमिल्टनात पावलोपावली राउंडअबाउट. लताबाई बाहेर पडायची वाट विसरल्या की प्रदक्षिणा घालत राहायच्या. शेजारी निवेदिता नसलेला ब्रेक दाबायची. मागचे लोक हॉर्न वाजवायचे. त्यांना हात जोडून सांगते, पिवळी पाटी दिसली की जरा दमाने घ्या. आत कुणीतरी फार लांबून इथवर आलेलं असतं.

परवा लताबाई गाडी चालवायच्या परीक्षेतही पास झाल्या. आता त्यांना एकटीने गाडी चालवता येते आणि माझी गरज उरलेली नाही. बहिणीला त्यांनी मनुरेवात राहणाऱ्या, आता गाडी शिकायला निघालेल्या मैत्रिणीकडे धाडलं. तिथे आता त्या मैत्रिणीच्या ताटाशेजारी ती पडली असेल. मला निवेदिताच्या अभ्यासाच्या खोलीच्या दारावर लावलं. "तुझं शिकणं अजून चाललंय ना," एवढंच म्हणाल्या.

आज सकाळी टॉग्जची पिशवी घेऊन त्या एकट्याच निघाल्या. निवेदिता खिडकीशी उभी राहिली. गाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा तिचा उजवा पाय जमिनीवर घट्ट दाबलेला होता. मग तिची नजर माझ्याकडे गेली, ती हसली, आणि तिने पाय हळूच उचलला.