उजेडात दिसत नाही

"ग्लूम म्हंजे अंधार का दुःख, मॅडम?" पिंकीने विचारलं.

"दोन्ही," दीपाली म्हणाली. आलापल्लीच्या पुढे, सागवानातल्या त्या आश्रमशाळेत ती इंग्रजी शिकवत होती, आणि शब्दांची मुळं सांगायची तिला हौस होती. "पण आधी तो चेहऱ्याचा शब्द होता. कपाळाला आठ्या घालून, तोंड पाडून बसणं, एवढंच. अंधार हा अर्थ फार पुढे आला."

पिंकी म्हणाली, "दिपीच्या घरी तसंच झालं, मॅडम. आधी तिच्या मायच्या तोंडावर आला. मंग घरात."

दिपी म्हणजे पिंकीच्या गावची दीपिका, दहावीत होती. दिवाळीला घरी गेली ती परतलीच नव्हती, आणि परीक्षा तर तोंडावर आलेली. त्याआधी पावसाळ्यात तिचा धाकटा भाऊ, कोलू, नाल्याच्या पुरात वाहून गेला होता. तो सापडला नाही.

शाळा सुटल्यावर दीपाली दीपिकेच्या गावी गेली. ऊन अजून कडक होतं. घराचं दार बंद होतं आणि कुडाची एकेक फट शेणमातीने लिंपलेली होती. हाक ऐकून दीपिकेने दार किलकिलं केलं, तिला आत घेतलं आणि लगेच कडी लावली.

आत काहीच दिसेना. "लाईट लाव ना गं," दीपाली म्हणाली.

"उजेडात तो दिसत नाई, बाई." आवाज दीपिकेच्या आईचा, सुकरीचा होता. शेजारणीशी बोलावं इतका साधा. "अंधारात येते. तिथी, धानाच्या ढोलीपाशी बसते."

दीपालीचा हात पिशवीतल्या मोबाइलकडे गेला आणि तिथेच थांबला. हळूहळू डोळे सरावले. धान साठवायच्या त्या ढोलीपाशी अंधार जरा दाट होता. बसलेल्या पोराएवढा. तिच्या पायांना गार लागलं, ओल्या मातीवर उभं असल्यासारखं.

"तुमाले दिसला का?"

"मला सांगता येत नाही, सुकरीबाई."

सुकरीने हुंकार दिला. मग म्हणाली, "दिपीले घेऊन जा."

"मी नाई जात, आई," दीपिका पुटपुटली. "तू एकटी कशी राहशीन?"

"कालपासून हिलेबी दिसून राह्यला, बाई. मी माय आहो, मले तो पायजे. हिले काऊन? हिचं वय हाय का अंधारात बसाचं?"

दीपिका रडू लागली. सुकरीने तिला पुढ्यात ओढून बसवलं, चाचपून फणी घेतली, तेल लावलं आणि दोन वेण्या घातल्या. हात कुठेच चुकत नव्हते.

दोघी बाहेर आल्या तशी मागे कडी वाजली. उन्हात दीपिकेचे डोळे मिटून गेले होते, म्हणून दीपालीने तिचा हात धरला. अंगण ओलांडताना आतून सुकरीचा आवाज ऐकू आला, लहानग्याची समजूत काढावी तसा.

"येईन दिपी परीक्षा देऊन. तू बस."

दीपिका थांबली. मग तिने डोळे उघडले आणि चालू लागली. तिचा भांग एका रेषेत, सरळ पडलेला होता.