कानशीचा चाकू

आमच्या सुहासला चाकू करायचा नाद लागला तो रिटायर झाल्यावर. त्याआधी सगळी नोकरी त्यानं आयटीआयमध्ये पोरांना लोहारकाम शिकवण्यात घालवली होती, पण घरी कधी खिळासुद्धा ठोकला नाही. लोक रिटायर झाले की सकाळी नदीवरच्या राम घाटावर फिरायला जातात, भजनी मंडळात नाव घालतात. ह्यानं भंगारवाल्याकडून लोखंड घासायच्या, वापरून गुळगुळीत झालेल्या कानशींचं पोतं आणलं आणि मागच्या अंगणात भट्टी मांडली. कानशीचं पोलाद म्हणे उत्तम असतं, फक्त वाया गेलेलं दिसतं.

मी त्याची थोरली बहीण, विनोदिनी. लग्न केलं नाही, बँकेत नोकरी केली, आणि सुहासची बायको गेल्यावर त्याची लेक ईरा मीच वाढवली. त्यामुळे ह्या घरात मला बोलायचा हक्क आहे आणि मी तो भरपूर वापरते.

चाकूवरून आमची भांडणं व्हायची ती माझ्या ओव्हनमुळे. सुहास लालबुंद पात तेलात बुडवायचा. तेल असलं तरी त्याला तो पाणी देणं म्हणायचा. पाणी दिलेली पात भयंकर कडक होते, आणि तशीच ठेवली तर जोर पडताच काचेच्या बशीसारखी तुटते. म्हणून ती नंतर मंद आचेवर तासभर भाजायची, म्हणजे धार राहते आणि ठिसूळपणा जातो. हे भाजणं चालायचं माझ्या नानकटाईच्या गोल ओव्हनमध्ये. घरभर जळक्या तेलाचा वास सुटायचा आणि मी त्याच्या नावानं शंख करायची. तो मात्र काचेतून बघत बसायचा. साजूक तुपात परतलेल्या रव्याचा रंग आला की पात बाहेर. आयटीआयच्या पोरांनाही तो हेच सांगायचा, "बेटा, सूजी के हलवे का रंग आने दो."

ईराला हे सगळं लहानपणापासून बापाच्या तोंडून ऐकून ऐकून पाठ होतं. हलव्याचा रंग, आणि बापाचा दुसरा नियमही. एकदा तिनं चाकूचं टोक घालून रंगाचा डबा उघडला होता, तेव्हा सुहासनं तिला अंगणात उभं करून सुनावलं होतं, "चाकू कापायला असतो. उचकटायला पहार असते." सात-आठ वर्षांची पोर, पण जन्मात विसरली नाही.

तर ती ईरा संक्रांतीच्या आधी एका दुपारी एकटीच आली. लग्नाला दोन वर्षं झाली होती. नवरा विक्रांत, भैरवगडला छापाच्या चादरींचा धंदा, खाली गोदाम आणि वर राहतं घर. दिसायला सालस, बोलायला मऊ. आमच्यासारखंच शिंद्यांच्या चाकरीत इकडे हिंदी मुलखात आलेलं जुनं मराठी घराणं, म्हणून सुहासनं डोळे मिटून होकार दिला होता. ईरानं पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घातला होता. मी बाही वर केली आणि माझं डोकंच फिरलं. दंडावर पाची बोटं काळीनिळी उमटली होती.

"बाबा, मला परत नाही जायचं," ती म्हणाली, आणि मोठ्यानं रडायला लागली.

सुहास उठला. त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर बाहेरचं दार लावलं. शेजारी आवाज जाईल म्हणून.

"ती इथंच राहील, बस!" मी तर तिथल्या तिथे बोलून टाकलं.

"ताई, तू मध्ये नको पडूस. दोन घरांचा सवाल आहे. मी विक्रांतला समजावतो. तमाशा करून काय मिळणार?"

त्यानं फोन केला. विक्रांत संध्याकाळी हजर, हातात मावाबाटीच्या मिठाईचा डबा. सुहासच्या पाया पडला, माझ्याही पडला. "गलती झाली बाबा, गुस्स्यात होऊन गेलं. पुन्हा नाही होणार." सुहासचा चेहरा असा काही उजळला की मला त्याची शिसारी आली. मी ईराचा हात धरून ठेवला होता, पण तिनंच तो हळूच सोडवला. बापाच्या डोळ्यांत तिनं काय वाचायचं ते वाचलं होतं.

निघताना ती मागच्या अंगणात हात धुवायला गेली. सुहास तिथंच होता, मी स्वयंपाकघराच्या खिडकीत.

"बाबा, मला एक चाकू करून द्याल?"

"चाकू? भाजीचा?"

"पात पातळ हवी. एवढी." तिनं दोन बोटं एकमेकांना जवळजवळ चिकटवून दाखवली. "आणि लांब. पण मजबूत करा हां बाबा. तुटायला नको."

सुहासनं तिच्याकडे बघितलंही नाही. नुसती मान हलवली. ती गेली आणि तो बराच वेळ ऐरणीवर बसून राहिला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पोत्यातून सगळ्यात चांगली कानस निवडली. मी भट्टीच्या ब्लोअरचा दांडा फिरवायला बसले. मनात म्हटलं, कर बाबा, एवढं तरी लेकीसाठी कर. मला वाटलं तेच त्यालाही वाटत असणार: अंगावर येणाऱ्या नवऱ्याला दाखवायला पोरीच्या हातात काहीतरी असावं. त्यानं कानस लाल केली, ठोकली, पुन्हा लाल केली. कानशीचे दात हळूहळू पोलादात मिटत गेले, फक्त मुठीपाशी थोडे राहिले. ते त्यानं मुद्दाम ठेवले, हात घसरू नये म्हणून. इतका पातळ आणि सरळ चाकू मी त्याच्या हातून झालेला पाहिला नव्हता. शेवटी तेलात बुडवला तेव्हा धुराचा लोट उठला. दुसरी कानस त्यानं पातीवरून घासून पाहिली, ती नुसती घसरली. म्हणजे पात हवी तशी कडक झाली होती.

"ओव्हन लावू?" मी स्वतःहून विचारलं. एरवी मी कधी विचारत नाही.

"नको."

"का बरं?"

"ही कानस वेगळी आहे. हिला नाही लागत," तो म्हणाला आणि मूठ बसवायला घेतली. पोलादातलं मला काय कळतं. मी हात धुतले आणि तिळाचे लाडू वळायला बसले.

चाकू त्याच लाडवांच्या डब्यात, खाली कागदाखाली ठेवून मी ऑटोनं भैरवगडला गेले. विक्रांतनं गोदामातच खुर्ची दिली. "वर साफसफाई चालू आहे आत्या." ईरा खाली आली. डबा हातात घेतल्यावर तिनं तो किंचित हलवला आणि तिला कळलं. मी लग्नानंतर पहिल्यांदा तिला मोकळं हसताना पाहिलं.

"बाबांना सांग, एकदम बढिया झाला असेल," ती कानाशी म्हणाली. विक्रांत चादरी मोजत तिथंच घोटाळत होता, म्हणून पुढं काही बोलता आलं नाही.

मग महाशिवरात्रीच्या आधी एका दुपारी पोलिसांचा फोन आला. ईरा गोदामाच्या मागच्या पत्र्याच्या छपरावरून खाली पडली होती. खाली कपडे धुवायची दगडी फरशी आहे, त्यावर. विक्रांतचं म्हणणं, ती वेडाच्या झटक्यात खिडकीतून बाहेर गेली. त्याला ताब्यात घेतलं होतं, त्याचं पुढं काय होईल ते वकील जाणोत. डॉक्टरांनी आम्हाला जे सांगितलं ते मी एका वाक्यात सांगते, कारण त्याहून जास्त मला सांगवत नाही. जीव वाचेल, पण कमरेखाली तिला पुन्हा काही कळणार नाही.

नर्सनं एक पॉलिथिनची पिशवी माझ्या हातात दिली. तिच्या बांगड्या, कानातलं, आणि चाकूची मूठ. "मुट्ठी में था, मुश्किल से छुड़ाया," ती म्हणाली. मुठीला जेमतेम दोन बोटं पात उरली होती. तुटलेली कड करड्या मिठासारखी चमकत होती. कुठं वाक नाही, कुठं मुरड नाही. ह्या घरात इतकी वर्षं माझा ओव्हन नासवला गेला तो उगाच नाही. मला कळलं.

मी सुहासला बाहेरच्या बाकड्यावर गाठलं आणि मूठ त्याच्या मांडीवर ठेवली.

"ओव्हन का नाही लावलास?"

त्यानं मूठ उलटी करून पाहिली.

"सुहास, मी विचारतेय."

"तिनं चाकू मागितला ताई," तो मुठीकडे बघत म्हणाला. "पातळ, लांब, तुटायला नको. कशाला मागितला असेल? मला झोप नाही आली. रागात एक वार केला असता तर विक्रांत मेला असता आणि आपली पोर जन्मभर जेलात गेली असती. मी म्हटलं, भाजी कापेल. दाखवून त्याला घाबरवेल. पण खुपसला तर तुटेल. कुणाचा जीव नको जायला."

मला त्याच्या कानाखाली ओढावीशी वाटली. मी ओढली नाही, कारण तो आधीच कुणीतरी मारल्यासारखा बसला होता. पण त्याची दयाही मला आली नाही, हे खरं. जावयाचा जीव वाचवायला त्यानं लेकीला काच दिली होती.

"तिला सांगशील?" मी विचारलं.

"काय सांगू?"

"हेच."

त्यानं मूठ रुमालात गुंडाळून खिशात घातली.

ईरा चार दिवसांनी नीट बोलायला लागली. तिला वेगळ्या खोलीत हलवलं होतं. सुहास पलंगाजवळ स्टुलावर बसला, मी पायथ्याशी. पाय चादरीखाली होते, मी त्यांवर हात ठेवला होता आणि तिला ते माहीत नव्हतं.

"बाबा, तुमचा चाकू तुटला," ती म्हणाली. तेच पहिलं बोलली.

"जाऊ दे ग."

"नाही, चूक माझी. तुम्ही इतका मन लावून केला होता. मी दारात घातला." तिचा श्वास पुरत नव्हता, ती थांबत थांबत बोलत होती. "तो बाहेर जाताना मला खोलीत ठेवून कडी लावतो. रोज. दार जुनं आहे, दोन फळ्यांचं. मध्ये बारीक फट आहे. घरातले चाकू जात नव्हते, एक गेला तर वाकला. म्हणून म्हटलं, बाबांना सांगावं. पात घालून कडी उचलायची, जिना उतरायचा आणि ऑटोत बसून सरळ घरी यायचं. ह्या वेळी आले असते ना, तर परत गेलेच नसते, तुम्ही काहीही बोलला असतात तरी."

सुहासनं तिची उशी सारखी केली.

"कडी थोडी अडकली. मी जोर लावला. लहानपणी किती रागावला होतात तुम्ही, चाकू उचकटायला नसतो म्हणून. मी ऐकलं नाही. तुटला तेव्हा केवढा आवाज झाला. आणि तो त्या दिवशी गेलाच नव्हता, खालीच होता. जिन्यावर पाय वाजले, मग मी खिडकीतून पत्र्यावर..." तिनं डोळे मिटले. "सॉरी बाबा."

"कानस जुनी होती," सुहास म्हणाला. "पोलाद खराब निघालं."

माझा संयम सुटला. "खोटं बोलू नकोस. निदान आता तरी नको."

ईरानं डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. लोहारकाम शिकवणाऱ्याची पोर ती, तिला किती वेळ लागणार.

"भाजला नव्हता?" तिनं विचारलं.

सुहासनं नाही म्हणून मान हलवली.

"विसरलात?"

तो हो म्हणाला असता तर तिनं मानलं असतं. तिला तेच ऐकायचं होतं, मला दिसत होतं. पण माझ्यासमोर त्याची जीभ रेटेना.

"मला वाटलं, तू विक्रांतला..." तो म्हणाला.

ईरानं नजर छताकडे वळवली. रडली नाही. मी मनात म्हणत होते, ओरड पोरी, शिव्या घाल, मी आहे.

"मी मागितला तेव्हा विचारायचं होतं ना, बाबा," ती म्हणाली. "कशाला हवाय, एवढंच."

नर्स आत आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली. सुहास उठला. म्हाताऱ्यासारखा भिंतीला धरून दारापर्यंत गेला. तिथं त्याला हुंदका आला आणि कुणी ऐकू नये म्हणून त्यानं बाहेर पडता पडता सवयीनं दार ओढून घेतलं.

"दार लावू नका!" ईरा किंचाळली. "लावू नका, बाबा, दार लावू नका!" कोपरांवर जोर देऊन ती उठायला बघत होती आणि निम्मं शरीर जागचं हलत नव्हतं. सलाइनची सुई निघून चादरीवर रक्त आलं. नर्स तिला धरायला धावली, बाहेरून माणसं धावली.

मी जाऊन दार उघडलं. सुहास कडीवर हात ठेवून तसाच उभा होता. मी त्याचा हात काढला, दार भिंतीपर्यंत ढकललं, आणि ते परत येऊ नये म्हणून त्याला स्टूल लावलं.