गळ्यातली कुसुम

लग्नात माझ्या गळ्यात दोन वस्तू पडल्या. एक मंगळसूत्र आणि दुसरी माझी सवत.

सवत म्हणजे चांदीचा टाक, अंगठ्याच्या नखाहून जरासा मोठा. पातळ पत्र्यावर ठशाने उठवलेली एक बाई. पहिली बायको वारली की दुसरीने तिचा असा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती रुसत नाही, संसारात आडवी येत नाही, अशी आमच्या खानदेशातली चाल. माझा स्वभाव आधीच तापट. जिला जन्मात पाहिलं नाही तिला दिवसरात्र छातीवर वागवायची, हे काही मला पटेना. भाकरी थापायला वाकले की माझ्याआधी कुसुमबाई पिठात. मग तिला पुसा, पोलक्यात सारा आणि पुन्हा वाका. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

पण काढायची सोय नव्हती. सासूबाई, मंगलाबाई, डोळ्यांत तेल घालून माझ्या गळ्याकडे बघत. म्हणत, "काढू नको माय. तुन्हा गयामा शे तवलोंग घरले काही व्हनार नही." म्हणजे टाक गळ्यात आहे तोवर घराला धोका नाही.

सुरतेत डिंडोलीला आमची एक खोली आणि पुढे पडवी. नवरा योगराज कापडाच्या लूमवर कामाला. मी घरी बसून साड्यांवर टिकल्या लावायची. आणि कुसुमची मुलगी किरण. कुसुम काविळीने गेली तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती, मी आले तेव्हा सातवं लागलं होतं. पोरीने मला कधी त्रास दिला नाही, आणि खरं दुखणं तेच होतं. हट्ट नाही, रडणं नाही, भांडण नाही. वाढलं ते खायची. वेणी घालायला पाठ करून बसायची, झाली की उठून जायची. पाव्हण्याच्या घरी आल्यासारखी वागायची. मला मावशी म्हणायची, तेही गरजेपुरतं.

एका दुपारी ती आपण होऊन माझ्याजवळ आली. माझ्या गळ्यातला टाक तिने बोटांत धरला आणि बराच वेळ बघत राहिली.

"मावशी, माझी आई अशीच होती ना?"

मी खाली पाहिलं. डोळ्यांच्या जागी दोन ठिपके, नाकाच्या जागी रेघ, काडीसारखे हात. सराफाकडे ठसा एकच असतो. अख्ख्या खानदेशातल्या मेलेल्या बायका त्या एकाच चेहऱ्याच्या.

"तुला आठवत नाही का आई?" मी विचारलं.

"आधी आठवायची. आता डोळे मिटले की हीच दिसते."

सवतीवर मी चिडत असेन, पण त्या पत्र्याच्या बाईने पोरीची आई गिळून टाकावी हे मला सहन होईना. त्याच क्षणी ठरवलं, हिच्या आईचा चेहरा हिला परत मिळाला पाहिजे.

ठरवणं सोपं होतं. फोटो लग्नातला एकच होता. चौऱ्याण्णवच्या पुरात तो काचेला चिकटला आणि काच सोडवताना कुसुमचं तोंड निघून गेलं. योगराज मात्र शेजारी शाबूत. नेमकं काय ठेवायचं ते पुरालाही कळलं नाही. मग मी त्या शाबूत राहिलेल्या माणसाला विचारलं, "कशी होती ती?"

"चांगली होती."

"नाक कसं होतं?"

"नाक... होतं ना."

लूमवर हजार धाग्यांतला तुटलेला एक धागा या माणसाला लांबून दिसतो, आणि बायकोचं नाक सांगता येत नाही. मी आणखी बोलणार होते, तेवढ्यात तो पाणी प्यायला उठला. माठाशी पाठमोरा उभा राहिला तो हलेचना.

गोपीपुऱ्यात एका शेठाणीकडे मी तयार साड्या पोचवायला जायची. तिच्या जिन्याखाली भाईदासकाकांचं दुकान होतं. दुकान कसलं, कपाटच. काका जैन पोथ्यांमधली जुनी चित्रं दुरुस्त करत आणि सुपारीएवढ्या डब्यांवर देव रंगवत. उंचीने एवढेसे, पण गर्व आभाळाएवढा. मूर्ती लहान आणि कीर्ती महान, फक्त कीर्ती ते स्वतःच सांगत. त्यांची बोली निम्मी गुजराती, निम्मी हिंदी. इथे मी माझ्या बोलीत सांगते.

मी टाक दाखवला, सगळी हकिगत सांगितली. त्यांनी भिंगातून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. मग मला हातातला ब्रश दाखवला. कबुतराच्या पिसाच्या नळीत खारीच्या शेपटीचे केस, टोकाला जेमतेम एक केस उरलेला. बादशहाच्या चित्रकारांकडेही असलेच ब्रश असत, म्हणाले. बादशहा आपला इवलासा चेहरा रंगवून मर्जीतल्या सरदारांना द्यायचा, ते तो पगडीत मिरवायचे. त्याही आधी ताडपत्रावर चित्रं काढत, दोरा ओवायच्या भोकाशेजारी बोटभर जागेत अख्खा दरबार मावायचा. जपानात कमरेची डबी अडकवायला हस्तिदंताचा गोळा, आणि त्या गोळ्यावर झोपलेला उंदीर कोरलेला. विलायतेत तर कॅमेरा येण्याआधी लढाईवर जाणारे शिपाई बायकोचा चेहरा सदऱ्याच्या आत घालून जायचे. सुरतेच्या वखारीत उतरलेल्या गोऱ्यांच्या गळ्यांतही असे चेहरे असणारच, असं त्यांचं म्हणणं.

"एवढं बारीक कशाला काढायचं पण?" मी म्हटलं. "मोठं काढलं तर सगळ्यांना दिसेल."

"सगळ्यांना दाखवायचं असेल तर मोठं काढावं, बेन. हे एकाच माणसासाठी असतं. नाकाशी धरल्याशिवाय दिसत नाही, म्हणून जवळ घ्यावंच लागतं."

फोटोत तिचं तोंडच उरलं नसल्याचं सांगितलं तेव्हा वाटलं, आता हाकलतील. पण ते म्हणाले, विलायतेत काही बायका आपला फक्त एक डोळा रंगवून घ्यायच्या. बाकी काही नाही, एक डोळा. लोकांना कळायचं नाही कोणाचा, ज्याला कळायचा त्याला तेवढा पुरायचा. "मुलीला घेऊन या," ते म्हणाले. "तिला काहीतरी एक आठवत असेल."

घरी सांगितलं तर सासूबाईंनी डोक्याला हात लावला. मेलेल्या माणसाचं चित्र म्हणजे त्यांना आमंत्रणच वाटलं. शेवटी एवढंच म्हणाल्या, "तिना डोया उघडा नको काढू देऊ. घरमा देखत बसी."

पुढच्या फेरीला किरणला नेलं. काकांनी तिला कपाळ, नाक, ओठ, एकेक विचारलं. ती मान हलवत राहिली. आठवत नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, उगाच आणलं पोरीला. मग काकांनी विचारलं, "आई दिसायची तेव्हा तू कुठे असायचीस?"

"मांडीवर."

"मग काय दिसायचं?"

किरणने वर बघितलं, जिन्याच्या फळ्यांकडे. "हनुवटी," ती म्हणाली. "हनुवटीच्या खाली तीळ. आणि कानातलं हलायचं."

मी थक्क झाले. तो तीळ योगराजला माहीत नव्हता, सासूबाईंना माहीत नव्हता. समोरून बघणाऱ्या कोणालाच तो दिसला नसता. सगळे जण चेहरा समोरून शोधत होतो आणि पोरीने आई बघितली होती खालून.

काकांनी मला भिंतीला टेकून बसायला सांगितलं आणि किरणला म्हणाले, "झोप हिच्या मांडीवर." ती घुटमळली. मग हळूच आडवी झाली, डोकं अगदी कडेला, भार न टाकता. काका आमच्या पायाशी पाटावर बसले. माझी मान वाकवून घेतली आणि रेघा ओढायला लागले. किरण माझ्याकडे बघून सांगायला लागली. हनुवटी हिच्यापेक्षा टोकदार. गाल भरलेला. गळ्याला इथे वळी. कान लहान. मधूनच बोट वर करून माझ्या हनुवटीला लावी, "तीळ इथं." बोलता बोलता तिच्या डोक्याचा सगळा भार माझ्या मांडीवर आला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पण मी हूं की चूं केलं नाही. इतक्या महिन्यांत पोर पहिल्यांदा माझ्या अंगाला लागली होती.

आम्ही पुन्हा पुन्हा गेलो. पैशांऐवजी काकांनी लेकीच्या चणियाचोळीवर माझ्याकडून टिकल्या लावून घेतल्या, आणि त्याही उसवून दोनदा लावायला लावल्या. गर्विष्ठ माणूस.

चित्र झालं तेव्हा ते टाकाएवढंच होतं, काचेखाली चांदीच्या कडीत बसवलेलं. खाली वाकलेली एक बाई. टोकदार हनुवटी, तीळ, हलणारं कानातलं. पापण्या खाली झुकलेल्या, त्यामुळे सासूबाईंचीही तक्रार मिटली. कुसुम आता चित्रातून घरातल्याच गळ्यात राहणार म्हणून त्यांनी जुना टाक हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला. योगराजने चित्र उजेडात नेलं, बघितलं, आणि म्हणाला, "पोरीला घास भरवताना अशीच वाकायची." एवढं लांब वाक्य तो तिच्याबद्दल पहिल्यांदाच बोलला.

किरणने ते डोळ्याशी नेलं. भिंगाची तिला गरज नव्हती. "हीच," ती म्हणाली.

माझा बेत ठरलेला होता. ज्याची आई त्याच्या गळ्यात. पोरीला तिची वस्तू मिळेल आणि माझा गळा मोकळा होईल. मी काळा दोरा ओवला आणि तिच्या मानेमागे गाठ मारायला गेले, तर तिने माझा हात धरला.

"माझ्या गळ्यात नको."

"का गं? तुझी आई ना ती?"

"माझ्या गळ्यात असली तर मला दिसणार कशी?"

तिने दोरा माझ्याकडून घेतला, माझ्या पाठीशी जाऊन गाठ मारली, आणि पुढे येऊन सरळ माझ्या मांडीवर डोकं टाकलं. तिला बघता यावं म्हणून मी वाकले. माझ्या हनुवटीखाली कुसुम लोंबत होती, तीही वाकलेली.

"आता दोघी दिसता," किरण म्हणाली.

मी मनातल्या मनात कुसुमचे आभार मानले, अगदी हात जोडून. बाई, ही पोर तू वाढवलीस, आणि मांडी कशी असते हे तिला शिकवून गेलीस. मी आयत्या बिळावर आलेली. तुझे उपकार मी कुठे फेडू?

स्टोव्हवर डाळ लागल्याचा वास आला. सासूबाई आतून ओरडल्या. मी मान वर केली नाही.