किलच सुटेना

किलच म्हणजे काय, हे आमच्या ह्यांनी मला भाकरी खाता खाता समजावलं. ह्यांचं नाव मी घेत नाही. पुढे खोत हाक मारतील, तेव्हा कळेलच.

"इंजिन म्हंजे बैल समज. चाकं म्हंजे नांगर. दोगांच्या मधी जू. खालचं पायडल दाबलं की जू सुटतं, पाय काडला की परत जुंपतं. त्या जुवाला म्हनायचं किलच."

"म्हंजे दाबलं की गाडी थांबते?"

"थांबते."

"मग काल गडगा कुनी पाडला?"

त्यांनी कालवणात भाकरी अशी काही बुडवली की जणू तिच्याशीच भांडण होतं.

मळ्याभोवतीचा दगडी गडगा पडला होता, हे साऱ्या गावाने पाहिलं होतं. मळा उखळायला खोतांनी कुठल्याशा साहेबाच्या बागेतला जुना ट्रॅक्टर बोटीने आणवला, आणि हे मुंबईला गोदीत लॉरीवर होते म्हणून ह्यांना बोलावून घेतलं. इतकी वर्षं शिमग्याला नि गणपतीला दिसणारा माणूस रोज दिवेलागणीला दारात दिसू लागला. त्यापायी खोतांनी हत्ती आणला असता, तरी मी त्याला चारा घातला असता.

पण ते धूड ऐकेल तर शपथ. हे पायडल दाबायचे, तरी ते हळूहळू पुढे सरकतच राहायचं. गेर बदलायला गेलं की असं करकरायचं, की बांधावरची बायामाणसं कानांत बोटं घालायची. शेवटी खोत बांधावर येऊन उभे राहिले.

"धाकू, पावसाळा आला, आगबोटी बंद व्हायला आल्यात. त्याआधी मळा उखळून झाला नाही, तर हे लोढणं मी परत धाडणार. मग तूही तुझं बघ."

तुझं बघ म्हणजे मुंबई. ते कुणी समजावून सांगायला नको होतं.

मग जो तो वैद्य झाला. शेजारचा बाबल्या म्हणाला, "तेल थिजलं असंल."

"वैशाखात?" मी म्हटलं.

"साहेबाचं तेल हाय वहिनी. त्येला आपला वैशाख काय ठाव?"

तेल बदललं. फरक शून्य. धोंडू लोहार गाडीखाली शिरला. पायडलापासून आत गेलेली सळई लांब झालीय म्हणाला, आणि तिचा आटा फिरवून ती आखूड केली. आता जू सुटायला लागलं. आम्ही टाळ्या पिटतोय तोच नांगर जमिनीत गेला, आणि इंजिन नुसतं बोंबलत राहिलं. चाकं जागची हलेनात. आधी सोडत नव्हतं, आता धरत नव्हतं. धोंडूने सळई होती तशी केली आणि "ह्यात बाहेरचं कायतरी हाय" असं पुटपुटत तो घरी गेला.

मग रत्नागिरीच्या मोटारस्टँडवरून मिस्त्री आणला. तो चढून बसला, बुटाचा पाय दाणकन मारला, आणि गाडी गरीब गाईसारखी थांबली. पुढे नेली, मागे घेतली, गेर बदलले. एकदाही कुरकूर नाही. "काही झालेलं नाही हिला," म्हणाला, चहा प्याला आणि गेला. दुसऱ्या दिवशी हे बसले, आणि पुन्हा करकर.

माझं डोकंच चालेना. मिस्त्रीला वश आणि ह्यांच्यावर रुसलेली, असं लोखंड मी कधी पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी भाकरी पोचवून मी फडक्याने गाडीवरची धूळ पुसत होते. पायडलाशी आले आणि थांबले. सासूबाई रोज सकाळी गाडीची पूजा करायच्या. पहिल्या दिवशीच त्यांनी लेकाला विचारून घेतलं होतं, "थांबवायची कळ कंची?" आणि नेमकी त्यावरच हळद-कुंकू वाहायला सुरुवात केली होती. जी वस्तू आपल्या मुलाला थांबवून जिता ठेवणार, देव तिथेच असला पाहिजे, असा त्यांचा सरळ हिशेब.

अर्धा दिवस गाडी चालली होती, आणि पायडलावरचं कुंकू सकाळच्यासारखं ताजं होतं. घासून चकचकली होती ती फक्त कड. मिस्त्री आला त्या दिवशी मात्र सारं कुंकू बुटाने पुसून गेलं होतं, आणि सासूबाईंनी त्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या.

"अहो," मी हाक मारली, "जरा पायडल दाबून दाखवा बघू."

"रोज दाबतोय की."

"मला दाखवा."

ते चढले. अनवाणी पाऊल खाली आलं, मध्यावर येता येता वळलं, रांगोळी चुकवल्यासारखं कडेला गेलं, आणि अंगठ्याने पायडल अर्धवट दबलं. ते आपल्याच पायाकडे बघत राहिले.

"मी पुरतं दाबत होतो गो," ते म्हणाले. लहान मुलासारखं.

मी कुंकू पुसून टाकलं. तरी पाय आपला कडेलाच! "पुसलंस म्हनून देव जातो होय?" ते रडकुंडीला आले. "आयेनं बशिवलेला देव. त्येच्यावर लाथ कशी मारू?"

म्हणजे आता सासूबाईंकडे जायला हवं होतं. ऐकून त्या आधी उसळल्याच. "माज्या कुंकवानं गाडी अडली? तुजी जीब कशी अडली न्हाय गो, चिमा?" मग तरातरा घरात गेल्या. बाहेर आल्या, तेव्हा हातात दहीपोह्यांची वाटी नि अक्षता होत्या.

"गनपतीला कसं पोचवतो आपन? अक्षता टाकायच्या, मूर्ती जागची हलवायची. हलली की देव मोकळा. चल."

अक्षता टाकल्या, दहीपोहे ठेवले, हात जोडले, आणि सासूबाईंनी पायडलावर तळवा टेकून दाबलं. ते तसूभरही हललं नाही. पुन्हा दाबलं.

"देव जायला तयार न्हाय गो."

"आत्याबाई, आत स्प्रिंग हाय ती," मी म्हटलं.

"ती कोन आनि?"

मी त्यांच्या हातांवर माझे हात ठेवले, आणि दोघींनी अंगाचा सारा भार घातला. धाडकन पायडल तळाला गेलं. मी हसले, सासूबाई हसल्या नाहीत.

"गेला," त्या हळूच म्हणाल्या. "आता माज्या लेकाला राखायला कोन?"

ह्यांनी आईला नमस्कार केला, चढून बसले आणि डोळे मिटून पाय मध्यावर दाबला.

सूर्य कलेपर्यंत अर्ध्याच्या वर मळा उखळून झाला. खोत ढेकळं तुडवीत आले.

"धाकू, बोटवाल्याला नको म्हणून कळवतो. पण इतके दिवस बिघाड होता तरी कुठे?"

हे बघतात आईकडे, आई बघते माझ्याकडे.

"पायात, अण्णा," हे म्हणाले.

"अरे, मग आधी नाही का सांगायचं!" खोत कळवळले, आणि रात्रीच्या जेवणाआधी त्यांच्याकडून दुखण्यावरच्या तेलाची बाटली आली. धडधाकट पायांना तेल कशाला, असं हे म्हणत होते. मी चांगलं घोट्यापासून बोटांपर्यंत जिरवलं.