घामेजल्या हातांतला रिमोट

मी एक जुना रिमोट आहे, व्हिडिओ गेमचा. मित्रांनो, माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. मला आठवतात हात.

मल्हारीमामांनी मला नाशिक रोडच्या एका कॉलनीत आपल्या भाचीसाठी, स्नेहलसाठी आणलं. ते साल २००२. स्नेहल आणि तिचे पप्पा, किशोरराव, गाड्यांची शर्यत खेळायचे. वळण आलं की किशोरराव अख्खे खुर्चीतच कलंडायचे. माझं खूप कौतुक व्हायचं.

स्नेहल नववीत गेली आणि किशोररावांना लकवा झाला. तोंड वाकडं झालं, उजवा हात गेला, बोलणं कुणाला कळेना. ते आतल्या खोलीत पडून असत. स्नेहलने त्या खोलीत जाणंच सोडलं.

"स्नेहल, पप्पांना पाणी नेऊन दे," आई म्हणायची.

"तूच दे ना, मम्मी. माझा गेम चालू आहे."

टीव्ही बंद असायचा. तिचे घामेजलेले हात मला नुसते घट्ट धरून असत.

मग संध्या नावाच्या मैत्रिणीने तिला एक सीडी दिली. त्या गेममध्ये एक मुलगी कंदील घेऊन पडक्या खाणीत आईला शोधायला उतरते. जवळ हत्यार नाही. अंधारातून काहीतरी कण्हत पुढे येतं. पळालं की कंदील विझतो आणि सगळं पहिल्यापासून. ते कण्हणं जवळ आलं की माझ्या पोटातली मोटर थरथरू लागे. मित्रांनो, मलासुद्धा त्या खाणीची धडकी भरली होती.

स्नेहल रोज पळायची, रोज हरायची. एकदा तिने मला भिंतीवर फेकलं. माझा कोपरा तडकला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिने मला पुन्हा उचललं.

एका रविवारी दुपारी ती पळाली नाही. पाऊल पाऊल पुढे गेली. कंदिलाच्या उजेडात दिसलं, कण्हत होती ती आईच. दगडांखाली चिरडून ओळखू न येण्यासारखी झालेली. तिला वाचवता येत नव्हतं. एकच बटण चालत होतं. ते दाबून ठेवलं की मुलगी तिचा हात धरून बसायची. स्नेहलने ते बटण दाबून ठेवलं. गुण नाहीत, गाणं नाही, पडदा हळूहळू पांढरा होत गेला. पप्पा आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदाच रडली, पोटभर.

मग ती उठली. मला खाली ठेवायचं तिला सुचलंच नाही. माझी वायर निघाली, मागे फरपटत आली. आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर ती थांबली. तिच्या तळहातांतले ठोके मला जाणवत होते.

किशोरराव काहीतरी बोलले. ते कण्हण्यासारखंच वाटलं.

"पप्पा, मला कळलं नाही. हळू सांगा ना."

ते पुन्हा बोलले. तरी कळेना. ती खाटेवर बसली, कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"घाबरलीस?" ते विचारत होते.

"हो."

"मी पण," ते म्हणाले.

त्या दिवसापासून पाणी स्नेहल द्यायची. बोटांना व्यायाम म्हणून किशोरराव माझी बटणं दाबत. त्यांचं बोलणं शेवटपर्यंत सुधारलं नाही, पण तिला ते कळायचं. पाच वर्षांनी ते गेले, तेव्हा त्यांचा हात तिच्या हातात होता.

आता मी खोक्यात असतो. माझी बटणं झिजली आहेत. मित्रांनो, मला जपलं नाहीत तरी चालेल. पण तुमच्या घरात कुणी असं पडून असेल, तर दारातून परत फिरू नका. भीती वाटली तरी आत जा. त्यांनाही ती वाटत असते, आणि ते तिथे एकटे असतात.